वाचकांचे प्रश्न : इटलीत ऑर्डर देताना ‘यात काय आहे?’ हे विचारायचं कसं

मागच्या अंकात इटालियन मेन्यूकार्ड कसं वाचायचं यावर लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांत बहुतेकांना एकच काळजी दिसली, मेन्यू वाचता येईल हो, पण आम्हाला जे चालत नाही ते सांगायचं कसं आणि समोरच्याला ते नक्की कळलं हे ओळखायचं कसं. म्हणून यावेळी सगळी उत्तरं त्याच विषयावर.

प्रश्न : ताई, आम्ही दोघं मे महिन्यात रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस करतोय. पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मी ‘सोनो वेजेतारियानो’ पाठ केलंय, एवढ्यावर भागेल का?

सुरुवात म्हणून छान आहे पण एवढ्यावर भागणार नाही. पहिलं म्हणजे तुम्ही ‘वेजेतारियानो’, मिसेसनी मात्र ‘सोनो वेजेतारियाना’ म्हणायचं, बाईने बोलताना शेवटी ‘आ’ येतो. ते चुकलं तरी कोणी उपाशी ठेवणार नाही, खरी अडचण अर्थाची आहे. तिकडच्या शाकाहारीत अंडं आणि चीज धरलेलंच असतं, आणि ‘कार्ने’ म्हणजे मटण-मांस हा शब्द ऐकला की कित्येकांच्या डोळ्यासमोर फक्त मांसाचा मोठा तुकडा येतो, टूना किंवा हॅमचे बारीक काप त्यात धरायचे हे पटकन लक्षात येत नाही.

मी बोलोन्यात नवीन होते तेव्हाची गोष्ट सांगते. थंडीचे दिवस, एका छोट्या खानावळीत शिरले, फळ्यावर खडूने ‘मिनेस्त्रोने’ लिहिलेलं, म्हणजे भाज्यांचं सूप. मी विचारलं, ‘ए वेजेतारियानो?’ काकू म्हणाल्या ‘सी सी, चेर्तो’, हो हो अर्थातच. तिसऱ्या का चौथ्या चमच्याला गाजराच्या फोडीशेजारी एक गुलाबी चौकोनी तुकडा आला, नखाएवढा, एका कडेला पांढरी चरबी. मी चमचा तसाच धरून त्यांना दाखवला तर त्या खरंच गोंधळल्या, म्हणाल्या अगं तो तर पांचेत्ता (डुकराच्या पोटाचं खारवलेलं मांस), ‘सोलो उन पो, पेर इल सापोरे’, थोडासाच, चवीपुरता. त्या खोटं बोलल्या नव्हत्या हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं, त्यांच्या हिशेबी ते भाज्यांचंच सूप होतं, आणि चूक झाली असेल तर ती माझ्या प्रश्नाची.

त्या दिवसापासून मी ‘हे व्हेज आहे का’ विचारायचं सोडून दिलं. हो-नाहीचा प्रश्न टाकला की गर्दीच्या वेळी पटकन ‘हो’ मिळतं. त्याऐवजी ‘कोसा चे देन्त्रो?’ म्हणजे यात काय काय आहे असं विचारा, मग समोरच्याला घटक मोजून सांगावेच लागतात आणि सांगता सांगता त्यालाच आठवतं. सूप किंवा रिझोत्तो असेल तर ‘इल ब्रोदो ए वेजेताले ओ दी कार्ने?’, रस्सा भाज्यांचा की मांसाचा. रिझोत्तोचा तांदूळ या ब्रोदोतच शिजतो, वर नुसता भोपळा दिसला तरी खाली मांसाचं पाणी असू शकतं, आणि मिलानच्या केशरी रिझोत्तोत तर परंपरेने हाडातला मगजही घालतात.

स्वतःबद्दल सांगायचं वाक्य जरा लांब आहे पण तेच पाठ करा : ‘नोन मान्जो ने कार्ने, ने पोल्लो, ने पेशे, ने सालूमी, ने उओवा.’ मांस, चिकन, मासे, सालूमी (हॅम, सलामी वगैरे सगळं खारवलेलं मांस) आणि अंडी खात नाही. हे ऐकल्यावर कोणी ‘मग थोडं प्रोश्शुत्तो (हॅम) चालेल का’ विचारत नाही.

आता लपून बसणाऱ्या गोष्टी, या नीट लक्षात ठेवा. फोकाच्चा या जाड पावाच्या आणि कधी कधी पिझ्झाच्या कणकेतही ‘स्त्रुत्तो’ म्हणजे डुकराची चरबी असते, रोमान्या भागातली पियादीना ही पोळी तर मूळची स्त्रुत्तो घालूनच करतात. ‘आच्चूगे’ किंवा ‘आलीची’ म्हणजे अँचोव्ही, ही बारीक मासळी हिरव्या पालेभाज्यांत तेलाबरोबर विरघळून जाते आणि दिसतही नाही, रोमला पुन्तारेल्ले नावाचं कुरकुरीत सॅलड मिळतं त्याच्या ड्रेसिंगमध्येही तीच. रोममध्ये पिझ्झा ‘नापोली’ मागवलात तर वर हीच मासळी येईल. उलट ‘मारिनारा’ नाव ऐकून समुद्रातलं काहीतरी असेल असं वाटतं, पण त्या पिझ्झात फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल, चीजसुद्धा नाही. आणि ‘पेपेरोनी’ ऐकून घाबरू नका, इटालियनमध्ये पेपेरोनी म्हणजे ढोबळी मिरची! गोडात पान्ना कोत्ता जपून, ती घट्ट करायला ‘कोल्ला दी पेशे’ घालतात, शब्दशः माशाचा डिंक, पण आजकाल ते बहुतेक डुकरापासून केलेलं जिलेटिन असतं.

अंड्याचं म्हणाल तर ताजा पास्ता आणि सुका पास्ता हा फरक धरून चाला. सुका पास्ता हा दुरम गव्हाचा रवा आणि पाणी, इटलीत १९६७ सालापासून तसा कायदाच आहे, आणि अंडं घातलेला सुका पास्ता वेगळं नाव लावूनच विकावा लागतो. पण ताल्यातेल्ले, लझान्या, राविओली हे घरगुती ताजे प्रकार, विशेषतः आमच्या एमिलिया-रोमान्यात (बोलोन्या याच प्रांतात), अंड्यातच मळतात, त्यामुळे आत पालक-रिकोत्ता असला तरी बाहेरच्या पारीत अंडं आहेच. स्पागेत्ती, पेन्ने मागवलेत की प्रश्न बराचसा मिटतो. तिरामिसूत कच्चं अंडं असतं, ते सोडा.

राहिला चीजचा मुद्दा, यावर तुम्ही दोघांनी निघायच्या आधीच ठरवून टाका कारण टेबलावर बसून ठरवायला जड जातं. पार्मिज्यानो रेज्यानो वासराच्या पोटातल्या रेनेटने (दूध गोठवणाऱ्या विरजणासारख्या पदार्थाने) बनतं, तो त्याच्या नियमाचाच भाग आहे, दुसरा पर्याय नाही. ग्राना पादानोतही वासराचंच रेनेट, शिवाय त्यात बहुतेक वेळा अंड्यातून काढलेलं लायसोझाइम असतं. पेकोरिनो रोमानोत कोकराचं. ज्यांना हे चालत नाही त्यांनी ‘सेन्त्सा फोर्माज्जो’ म्हणजे चीजशिवाय असं सांगावं, आणि वर किसून घालायच्या आधी सांगावं, नाहीतर सवयीने हात पडतो. ‘काल्यो वेजेताले’ म्हणजे वनस्पतिजन्य रेनेटवालं चीज दुकानात लेबल बघून मिळतं, हॉटेलात मात्र वेटरला ते माहीत असेल अशी अपेक्षा धरू नका.

प्रश्न : माझे उच्चार त्यांना कळतील का? मला भाषेची फार भीती वाटते हो.

अगं, इंग्रजी बोलणाऱ्यांपेक्षा आपल्याला हे कितीतरी सोपं आहे! आपले त आणि द दातांवरचे, त्यांचेही तसेच, म्हणून ‘ट’ नको ‘त’ म्हण. जोडाक्षरावर आपण जसे थांबतो तसंच ‘पोल्लो’, ‘लात्ते’ म्हणताना थांबायचं. आणि आपल्याकडे च दोन आहेत ना, चिमणीतला आणि चमच्यातला, ते दोन्ही इटालियनमध्ये आहेत. ‘चिपोल्ला’ म्हणजे कांदा, तिथे चिमणीचा च. ‘सेन्त्सा’ म्हणजे ‘शिवाय’, तिथे चमच्याचा च, ‘सेन्चा’ म्हटलंस तरी बरोबर पोचेल. हा एक शब्द आला की अर्धी लढाई झाली, सेन्त्सा उओवा, सेन्त्सा बुर्रो (लोणी), सेन्त्सा आल्यो (लसूण), पुढे काहीही जोड.

एकाच जोडीला जप. ‘पेशे’ म्हणजे मासा आणि ‘पेस्के’ म्हणजे पीच ही फळं. ज्यांना यातल्या एकाची अलर्जी आहे त्यांनी तोंडी न सांगता लिहूनच दाखवावं.

प्रश्न : मुलगी ६ वर्षांची आहे, शेंगदाणे आणि काजू-बदाम-अक्रोड सगळ्याची तीव्र अलर्जी. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलेलं आहे. जायचं की नाही इथूनच डोक्यात सुरू आहे.

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. जायचं की नाही ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा, मी फक्त तिथे जेवणाचं कसं निभावायचं ते सांगू शकते.

तुमच्या बाजूने एक भक्कम गोष्ट आहे. युरोपियन युनियनचा २०११ चा ११६९ नंबरचा नियम १३ डिसेंबर २०१४ पासून लागू आहे, त्यात १४ अलर्जी-घटक ठरवून दिलेत आणि पदार्थात ते असतील तर हॉटेलला सांगावंच लागतं, इटलीत तर ही माहिती लेखी असावी लागते. म्हणून मेन्यूत पदार्थापुढे छोटे आकडे दिसतात. बऱ्याच ठिकाणी ते नियमातल्या क्रमानेच असतात, म्हणजे ३ अंडी, ४ मासे, ५ शेंगदाणे, ७ दूध, ८ सुकामेवा, पण प्रत्येक हॉटेलची शेवटच्या पानावरची यादी बघूनच धरा, काही जण स्वतःचा क्रम लावतात. आकडे नसतील तर ‘आवेते ला लिस्ता देल्यी आल्लेर्जेनी?’, अलर्जीची यादी आहे का, असं विचारा. (वरच्या शाकाहारी दादांसाठीही सांगते, या १४ मध्ये मटण, चिकन, डुक्कर येत नाही, त्यामुळे आकड्यावरून पदार्थ शाकाहारी आहे का ते कळणार नाही. आणि पदार्थापुढे चांदणी असेल तर ती साधारणपणे ‘फ्रोझन माल वापरलाय’ एवढंच सांगते.)

वाक्य हे : ‘मीया फील्या ए आल्लेर्जिका आल्ले आराकिदी ए आल्ला फ्रुत्ता आ गुश्शो. ए उनाल्लेर्जीया ग्रावे.’ माझ्या मुलीला शेंगदाणे आणि सुक्यामेव्याची अलर्जी आहे, गंभीर आहे. यातला ‘ग्रावे’ गाळू नका. ‘फ्रुत्ता आ गुश्शो’ म्हणजे कवचाची फळं, यात बदाम-काजू-अक्रोड-पिस्ता-हेझलनट सगळे आले. नुसतं ‘नोची’ म्हणालात तर समोरचा फक्त अक्रोड समजेल. ‘नोच्चोले’ म्हणजे हेझलनट आणि ‘नोच्चोलीने’ म्हणजे बोलीभाषेत शेंगदाणे, ऐकायला जवळजवळ एकच, म्हणून शेंगदाण्याला कायम ‘आराकिदी’च म्हणा.

पाइन नट्स, म्हणजे ‘पिनोली’, त्या १४ च्या यादीतल्या सुक्यामेव्यात धरलेलेच नाहीत. त्यामुळे ८ हा आकडा नसला तरी पदार्थात पिनोली असू शकतात. मुलीला ते चालतात का हे डॉक्टरांना आधी विचारा, कारण पेस्तो या तुळशीच्या हिरव्या सॉसमध्ये ते असतातच, आणि बाटलीतल्या तयार पेस्तोत तर कित्येकदा काजूही असतात. पेस्तो तुमच्यासाठी पूर्ण बंद, त्यावर विचारच नको.

तळलेलं काही घेण्याआधी ‘कोन के ओलियो फ्रिज्जेते?’, कुठल्या तेलात तळता? इटलीत तळायला शेंगदाण्याचं तेल फार चालतं, बटाट्याच्या फ्राइज लहान मुलांना निर्धोक वाटतात पण तिथेच गडबड होते. मोर्तादेल्ला या डुकराच्या मांसाच्या जाड सॉसेजमध्ये बऱ्याचदा पिस्ते असतात, मान्तोव्हाकडच्या भोपळा भरलेल्या तोर्तेल्ली पास्त्यात बदामाच्या चवीची आमारेत्ती बिस्किटं कुस्करून घालतात, नाव वाचून कळायचं नाही. जेलातोच्या, म्हणजे आइस्क्रीमच्या दुकानात एकच चमचा पिस्त्यातून लिंबात फिरतो, तिथे ‘उना पालेत्ता पुलीता, पेर फावोरे’ म्हणजे स्वच्छ चमचा द्या म्हणता येतं, पण तुमच्या मुलीच्या बाबतीत मी असते तर उघडं जेलातो घेतलंच नसतं, बंद पाकिटातलं लेबल वाचून दिलं असतं. मुलं रडतात, माहीत आहे.

सगळं वाक्य इटालियनमध्ये मोठ्या अक्षरात छापून कार्डं करून घ्या, चार-पाच तरी, कारण एक कार्ड स्वयंपाकघरात जातं आणि कधी कधी परत येत नाही. कार्ड देताना म्हणा, ‘पोत्रेब्बे क्येदेरे इन कुचीना?’, आत विचाराल का? वेटर उठून आत गेला तर चांगली खूण. जागेवरूनच हात हलवून ‘नो प्रॉब्लेम’ म्हणाला तर माझ्या मते उठावं, पाणी-ब्रेड समोर आलं असलं तरी उठावं. जेवायला साडेबाराला किंवा संध्याकाळी उघडल्या उघडल्या जा, तेव्हा आचाऱ्याला बोलायला वेळ असतो. आणि ११२ हा इमर्जन्सी नंबर फोनमध्ये टाका, सोबत दोन शब्द, ‘शोक आनाफिलात्तिको’, एवढ्यावर त्यांना कळतं.

प्रश्न : आई-बाबांना घेऊन जातोय, ते कांदा-लसूण-बटाटा काहीच खात नाहीत, धार्मिक कारण. सरळ ‘अलर्जी आहे’ असं सांगून टाकलं तर काम होईल ना?

कृपा करून असं नका करू. अलर्जी म्हटलं की चांगल्या किचनमध्ये फळी बदलतात, सुरी बदलतात, वेगळं भांडं घेतात, आणि मग तासाभराने तुमच्याच टेबलावर कोणी लसणीची चटणी मागितली की त्या आचाऱ्याचा त्या शब्दावरचा विश्वास उडतो. वरच्या पत्रातल्या मुलीला त्याच शब्दावर विसंबून जेवायचं आहे.

खरं सांगा, ते तिथे मान देऊन ऐकतात : ‘पेर मोतीवी रेलिजोझी नोन मान्जानो आल्यो, चिपोल्ला ए पाताते.’ धार्मिक कारणासाठी हे लसूण, कांदा, बटाटे खात नाहीत. काय मिळेल ते आधीच माहीत असलं की आई-बाबांना त्रास होणार नाही. पास्त्याचे सॉस सकाळीच कांदा-गाजर-सेलरीच्या फोडणीवर शिजवून ठेवलेले असतात, त्यातून कांदा काढता येत नाही, उगाच भांडू नका. त्यापेक्षा ‘स्पागेत्ती इन ब्यान्को, सोलो कोन ओलियो’ मागा, नुसत्या ऑलिव्ह तेलातला पांढरा पास्ता. लहान मुलांना आणि पोट बिघडलेल्यांना इटालियन घरात हेच देतात त्यामुळे मेन्यूत नसलं तरी कुठलंही किचन नाही म्हणत नाही, वर ताजा टोमॅटो आणि तुळशीची पानं वेगळी मागितली की बरं लागतं. नापोलीच्या पद्धतीच्या मार्गेरिता पिझ्झात टोमॅटो कच्चाच कुस्करून मीठ घालून लावतात, त्यात लसूण नसतो, तरी ‘नेल पोमोदोरो चे आल्यो?’ म्हणजे टोमॅटोत लसूण आहे का एवढं विचारून घ्या, आणि ‘नेल्लिम्पास्तो चे स्त्रुत्तो?’, कणकेत चरबी आहे का तेही. लिगुरियाकडे गेलात तर फारिनाता शोधा, बेसन, पाणी, तेल, मीठ, मोठ्या तांब्याच्या परातीत भाजलेली, वर कांदा नको एवढं सांगा. माझी सासू तिकडे गेली होती तेव्हा तीन दिवस त्यावरच खूश होती.

प्रश्न : दूध पचत नाही. कॉफीचं काय?

‘लात्ते’ म्हणालात तर नुसतं दूध येईल, त्यांच्या भाषेत त्याचा अर्थच दूध. ‘काप्पुच्चीनो सेन्त्सा लात्तोझियो’ मागा, शहरातल्या बारमध्ये बहुतेक मिळतं. जुनं मुरलेलं पार्मिज्यानो तुम्हाला चालेल, त्यात लॅक्टोज उरत नाही. पण ज्यांना दुधाची अलर्जीच आहे त्यांना ते अजिबात चालणार नाही, त्यांनी ‘आल्लेर्जिको आल्ले प्रोतेइने देल लात्ते’ असं वेगळं सांगायचं.

प्रश्न : मुलाला सिलिअॅक आहे, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन अजिबात चालत नाही. पास्ता-पिझ्झाच्या देशात नेऊन त्याला उपाशी ठेवायचं का?

उलट! गव्हाच्या देशात राहून गहू बंद होणं किती अवघड ते इटालियन लोक घरोघरी जाणतात. तिथली सिलिअॅक संघटना, आसोचात्सियोने इतालियाना चेलियाकिया, १९७९ पासून काम करते, २००५ साली या आजारासाठी खास कायदा झाला, आणि तिथल्या रुग्णांना ग्लुटेनमुक्त खाण्यासाठी सरकार दरमहा मदत देतं. संघटनेने प्रशिक्षण दिलेल्या हॉटेलांच्या दारावर स्टिकर असतो, शक्यतो तिथेच जा. ‘मीयो फील्यो ए चेलियाको’ एवढं म्हटलं की बहुतेक ठिकाणी पुढचं समजावत बसावं लागत नाही.

माझ्याकडे आलेल्या एका मैत्रिणीच्या मुलाला घेऊन आम्ही गेलो होतो. तो बारा वर्षांचा, सवयीने मान खाली घालून बसलेला. वेटर ऑर्डर घेऊन आत गेला आणि पास्त्याचं अख्खं खोकं हातात घेऊन बाहेर आला, त्याच्यासमोर टेबलावर ठेवलं, लेबलावर बोट ठेवून ‘सेन्त्सा ग्लूतिने’ वाचून दाखवलं, आईला नाही, त्याला. पोराने ते खोकं उचलून मागून पुढून वाचलं आणि मग पहिल्यांदा मेन्यू स्वतःकडे ओढला.

तरी दोन प्रश्न तुम्ही विचाराच. ‘उझाते ला स्तेस्सा आक्वा?’, तेच पाणी वापरता का? पास्ता ग्लुटेनमुक्त असला आणि गव्हाच्या पास्त्याच्या उकळत्या पाण्यात टाकला तर उपयोग नाही, ग्लुटेनमुक्त म्हणायची मर्यादा किलोला फक्त २० मिलिग्रॅम आहे. पिझ्झाला ‘उझाते लो स्तेस्सो फोर्नो?’, तीच भट्टी वापरता का? जिथे दिवसभर पीठ उडतंय तिथे वेगळा बेस आणूनही काही होत नाही. आणि फार्रोचं सॅलड तांदळासारखं दिसतं पण तो गव्हाचाच प्रकार, तसंच ‘काफ्फे दोर्झो’ ही सातूची कॉफी, लहान मुलांना कौतुकाने देतात, ती त्याच्या हातात जाऊ देऊ नका.